माहेरी जाणारे रेडिओ

मित्रांनो, मी जुना रेडिओ आहे आणि अजूनही वाजतो. दोन्ही गोष्टी एकदमच सांगितलेल्या बऱ्या, कारण जुना म्हटले की लोक लगेच हळू आवाजात बोलू लागतात, आजारी माणसाच्या खोलीत बोलावे तसे. माझ्यासाठी तसे करू नका. माझी पेटी शिसवी लाकडाची आहे, डायलची काच एका कोपऱ्यात तडकली आहे, आणि पाठीवरच्या पितळी पट्टीवर 'नादश्री रेडिओ वर्क्स, पडाव, ग्वाल्हेर' असे कोरले आहे. नादश्रीने बनवलेला पहिला रेडिओ तो मीच.

मला घडवले गोपाळकृष्णांनी. त्यांना सारे अण्णा म्हणत. घराणे दरबारी पुरोहितांचे, पण अण्णांचे मन मंत्रांपेक्षा तारांत रमले. दरबारच्या वीजखात्यातली चांगली नोकरी सोडून त्यांनी पडावला, स्टेशनाजवळ, दोन खोल्या घेतल्या. तेव्हा दुसरे महायुद्ध नुकतेच सुरू झाले होते आणि बातम्यांसाठी लोकांचे कान आसुसलेले होते. माझी पेटी बनवणाऱ्या सुताराने रेडिओ कधी पाहिला नव्हता. त्याने मला देव्हारा समजून वर कळस बसवायला घेतला होता. अण्णांनी वेळेवर पाहिले म्हणून वाचलो.

अण्णांनी स्वतःच्या हाताने माझ्या तारांना कथिलाचे डाग दिले, काचेचे व्हॉल्व्ह खोबणीत बसवले आणि बटण फिरवले. खरखर झाली आणि मग दिल्लीचा आवाज स्वच्छ बोलू लागला. अण्णा डोळे मिटून ऐकत राहिले. नंतर त्यांनी माझ्या डोक्यावर बोटांच्या पेरांनी दोनदा ठकठक केले आणि म्हणाले, "जा आता."

पण मी गेलो नाही. अण्णांना वाटले, पुढचे रेडिओ कसे वाजावेत हे कळायला एक तरी जवळ हवा. म्हणून मी तपासणीच्या टेबलावर राहिलो. नवा रेडिओ तयार झाला की तो माझ्या शेजारी येई. आधी मी वाजे, मग तो. अण्णा डोळे मिटून ऐकत. पसंत पडला की दोनदा ठकठक आणि "जा आता." त्याशिवाय एकही रेडिओ नादश्रीचा उंबरठा ओलांडत नसे, आणि एकदा हे म्हटल्यावर त्याला कोणी पुन्हा उघडत नसे. तो सरळ पेंढ्यात बांधला जाई आणि आगगाडीने निघे. सरदारांच्या दिवाणखान्यांत आणि मोठ्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत आमची भावंडे वाजत होती.

मग काळ पालटला. संस्थान विलीन झाले, मध्यभारत राज्य आले. संस्थानची फौज मोडली, तेव्हा तिथल्या बिनतारी खात्यातले संभाजीराव अण्णांकडे कामाला आले. पिळदार मिशा, कडक इस्त्री. अण्णांसमोर ते कधी बसले नाहीत. कोणी पंखा दिला तरी उभ्यानेच वारा घेत. अण्णांची मुलगी लीला विज्ञान शिकली आणि तीही कारखान्यात येऊ लागली. लोक हसले. अण्णा म्हणाले, "तिचा डाग पाहा, मग हसा."

आठ वर्षांत पुन्हा फेरमांडणी झाली. मध्यभारत गेले, मध्य प्रदेश आला आणि राजधानी झाली भोपाळ. ग्वाल्हेरच्या कचेऱ्यांतली कपाटे मालगाडीत चढली. ओळखीचे साहेब निघून गेले आणि त्यांच्याबरोबर नादश्रीची गिऱ्हाइकेही गेली. त्याच हिवाळ्यात अण्णांचे हात थरथरू लागले. एका सकाळी त्यांनी किल्ल्या लीलाच्या हातात ठेवल्या आणि कोट अंगात घातला.

"राज्य नवं, माणूस नवं," ते म्हणाले. "मी घरी जातो."

पडावच्या चहाच्या दुकानांत एकच चर्चा सुरू झाली. अण्णांशिवाय नादश्री चालेल का? बहुतेकांचे उत्तर ठरलेले होते. "अहो, नादश्री म्हणजे अण्णांचे कान! कान घरी गेले, आता उरलं काय, मिशा?" हे बोलणारे संभाजीरावांना येताना पाहून गप्प बसत.

कारखान्याने अण्णांना निरोपाची भेट दिली ती माझीच. मला हार घातला, टांग्यात अण्णांच्या मांडीवर बसवले आणि शहराच्या लष्कर भागातल्या दाना ओली नावाच्या गल्लीत त्यांच्या घरी पोचवले. दुर्गाकाकू म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्यांनी माझ्यासाठी क्रोशाचे आवरण विणले, वर सुपारीएवढे गोंडे लावले आणि रोज सकाळी देवपूजा झाली की एक फूल माझ्यावर ठेवू लागल्या. मित्रांनो, सुताराने बसवायला घेतलेला तो कळस असा उशिरा का होईना, माझ्या डोक्यावर आलाच. कौतुक पुष्कळ होते. पण फूल ओले असे, पाणी आत झिरपेल या भीतीने मला कोणी लावत नसे. मी दिवसचे दिवस मुका बसे.

काही दिवसांनी संभाजीराव दारात आले. मागे हमालाच्या डोक्यावर नवा रेडिओ.

"अण्णासाहेब, जरा ऐकून घ्या. दोन मिनिटांचं काम."

"अहो, मी कारखाना सोडलाय."

"कारखाना सोडला, पण नादश्रीनं तुम्हाला कुठं सोडलंय? तुमच्या हाताखेरीज माल बाहेर काढायला मन धजत नाही."

अण्णांचा चेहरा उजळला. माझे आवरण निघाले, फूल बाजूला झाले. आधी मी वाजलो, मग तो. ठकठक. "जा आता." खरे सांगतो, मलाही फार बरे वाटले.

मग तो रिवाजच पडला. रोज दुपारी पडावहून टांगा येई. दाना ओली अरुंद, म्हणून तो तोंडाशी थांबे आणि तिथून रेडिओ डोक्यावरून येत. परगावी जाणारा माल पेंढ्यात बांधला जातो, पण हे घरी येणारे. त्यांना कशाला पेंढा? ते टांग्याच्या गादीवर उघडेच, पाहुण्यासारखे बसून येत. दुर्गाकाकू हसून म्हणत, "आल्या बघा लेकी माहेराला!" अण्णांची पसंती घेऊन ते तसेच पडावला परतत, तिथे न उघडता पेंढ्यात बांधले जात आणि निघत.

लीला हे पाहत होती. वडिलांना उभारी आली आहे, या समाधानात तीही गप्प होती.

पण तक्रारी येऊ लागल्या. शिवपुरीहून रेडिओ परत आला, भिंडहून आला. कोणी खरखरे, कोणी बोलेचना. गिऱ्हाईक म्हणे, "अण्णा होते तेव्हा असं नव्हतं हो." चहाच्या दुकानांतले लोक खुशीत आले. आपले म्हणणे खरे ठरताना पाहून माणसाला जो आनंद होतो, तो दुसऱ्याच्या नुकसानीकडे बघत नाही.

अशात भोपाळहून विचारणा आली. नव्या सरकारला गावोगावच्या पंचायतींसाठी बॅटरीवर चालणारे रेडिओ हवे होते. नादश्रीने एक नमुना पाठवावा. तो पसंत पडला तर कारखान्याला कितीतरी वर्षांचे काम. नापसंत झाला, तर लीला काय करणार होती हे तिलाही ठाऊक होते. कारखान्याला कुलूप.

त्याच आठवड्यात स्टेशनासमोरच्या हॉटेलवाल्याने आपला नवा रेडिओ काखेत मारून आणला. "दीदी, गूंगा है ये तो. एक शब्द नाही बोलला."

लीला विचारात पडली. भिंडचा बिघडला तर आगगाडीला नाव ठेवता येते. हा तर फक्त रस्ता ओलांडून गेलेला. तिने पाठ उघडली. एक व्हॉल्व्ह खोबणीतून अर्धा वर आला होता. धक्का बसल्याखेरीज असे होत नाही. मग धक्का बसला कुठे? कारखान्यातून निघून या रेडिओने एकच प्रवास केला होता. पडाव ते दाना ओली आणि परत.

हे वडिलांना सांगायचे कसे? त्या संध्याकाळी ती घरी जेवायला बसली आणि वरणाची वाटी तशीच ठेवून उठली. दुर्गाकाकूंनी विचारले, तर म्हणाली, भूक नाही.

नमुना तयार झाला, तेव्हा संभाजीराव नेहमीप्रमाणे तो घेऊन आले. या वेळी मागून लीलाही आली. अण्णांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकले. ठकठक केले. "जा आता. भोपाळला नाव राख."

"संभाजीराव," लीला म्हणाली, "हा पडावला न्या आणि न उतरवता तसाच परत आणा."

संभाजीरावांच्या मिशा थरथरल्या. "परत? अण्णासाहेबांनी 'जा' म्हटलेला परत आणायचा? बाईसाहेब, मी फौजेत असं कधी केलं नाही."

"फौजेत तोफा होत्या. रेडिओ नाजूक असतो. न्या."

ते गेले. बापलेक समोरासमोर बसले. शेवटी अण्णाच म्हणाले, "माझ्या कानांवर भरवसा उरला नाही का तुझा?"

"तुमच्या कानांवर आहे, अण्णा. रस्त्यावर नाही."

टांगा परतला. रेडिओ पुन्हा माझ्या शेजारी आला. अण्णांनी बटण फिरवले. काही नाही. आणखी फिरवले. खर्र करून एक शब्द आला आणि गेला.

"टांगेवाल्यानं खड्ड्यात घातला असणार!" संभाजीराव उसळले.

टांगेवाला दारातच पाणी पीत होता. "खड्डे तो रोज वही हैं, साहब. आज नए कहाँ से लाऊँ?"

अण्णांनी स्वतःच पाठ उघडली. एक व्हॉल्व्ह येतानाच सैल झाला होता आणि पुढच्या धक्क्यांनी वर आला होता; तो त्यांनी थरथरत्या बोटांनी दाबून बसवला. दिल्ली खणखणीत बोलू लागली. त्यांनी ती बंद केली.

"म्हणजे एवढे दिवस," ते सावकाश म्हणाले, "मी 'जा' म्हणायचो आणि माझ्या दारातून निघूनच ते मोडायचे."

"तुम्ही पास केल्यावर उघडून बघायची कोणाची छाती नव्हती," लीला म्हणाली. "माझीसुद्धा नाही."

संभाजीराव खाली मान घालून उभे होते. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिले आणि त्यांना एकदम हसू फुटले. "अहो संभाजीराव, बसा आता तरी! तुम्ही माझा मान राखलात, आणि त्या मानापायी भिंडच्या माणसाच्या बातम्या गेल्या."

मग ते लीलाकडे वळले. "गावात हा रेडिओ कशानं जाणार?"

"बैलगाडीनं."

"मी दिवाणखान्यासाठी ऐकत आलो. बैलगाडीसाठी कसं ऐकतात, मला ठाऊक नाही. ते तू बसव. आणि हा पण घेऊन जा." त्यांनी माझ्यावर हात ठेवला. "हा इथं आहे तोवर लोकांना कारखाना इथंच वाटेल."

"अण्णा, तुमची भेट आहे ती!"

"भेट आहे म्हणूनच देतोय. दुसऱ्याची असती तर विचारलं असतं."

दुर्गाकाकूंनी आवरण काढून घेतले. त्यांचे डोळे भरले होते, पण मला त्यांनी पेंढ्यात इतके घट्ट बांधले की श्वासही घेता येईना. पडावला मी जसा निघालो तसा पोचलो.

त्यानंतर लीलाने नवा रिवाज घातला. रेडिओ आधी वाजवायचा, पेंढ्यात बांधायचा, टांग्यातून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मुरारपर्यंत नेऊन आणायचा, मग उघडून माझ्या शेजारी पुन्हा वाजवायचा. त्यात उतरला, तरच पास. व्हॉल्व्ह हलू नयेत म्हणून तिने वर स्प्रिंगची कडी बसवली. टांग्यात नमुन्यामागे बसून जाण्याचा मान संभाजीरावांनी कोणाला दिला नाही. खड्डा आला की ते टांगेवाल्याला ओरडत, "चुकवू नकोस! यातूनच घे!"

पण पास झाल्यावर दोनदा ठकठक कोणी करायची? लीलाचा हात उचलेना. ती नुसतीच म्हणे, "बांधा." नमुना तसाच, ठकठक न करता, भोपाळला गेला.

पसंत झाला. पहिल्या खेपेचे रेडिओ तयार होऊ लागले आणि पडावच्या चहाच्या दुकानांत दुसरे विषय निघाले.

एका सकाळी अण्णा कारखान्यात आले. किल्ल्या दिल्यापासून पहिल्यांदाच. संभाजीरावांनी धावत जाऊन तपासणीच्या टेबलापाशी त्यांची खुर्ची पुसली. अण्णा तिकडे गेले नाहीत. दाराजवळच्या बाकावर, गिऱ्हाइकांच्या जागी बसले.

"घरी रेडिओ नाही," ते म्हणाले. "तुझी आई रोज बोलते. एक दाखव."

लीलाने नवा रेडिओ आणला. आधी मी वाजलो, मग तो. अण्णांनी डोळे मिटले. आमच्यात फरक होता. त्याचा आवाज माझ्याहून जाड आणि उघडा होता, चावडीवर दूर बसलेल्यालाही ऐकू जाईल असा. मला ते कळले, आणि अण्णांच्या भुवया वर गेल्या म्हणजे त्यांनाही कळले. त्यांचा उजवा हात सवयीने उठला. पेरे पेटीच्या अगदी जवळ आली आणि तिथेच थांबली.

त्यांनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला आणि लीलाकडे पाहिले.

सगळा कारखाना थांबला होता. लीला पुढे आली. तिने पेरांनी दोनदा ठकठक केले.

"जपून जा," ती म्हणाली.

"हे माझ्यापेक्षा बरं आहे," अण्णा म्हणाले. "आता पेंढ्यात बांध. दाना ओलीचा रस्ता वाईट आहे म्हणतात."

मित्रांनो, त्याला फार वर्षे झाली. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले. नादश्री आता दुसरीच यंत्रे बनवते आणि लीलाच्या जागी तिने शिकवलेली माणसे बसतात. यंत्राला निरोप देतानाचे त्यांचे शब्द आणखी वेगळे आहेत, हिंदीच जास्त, पण यंत्र मुरारच्या खड्ड्यांतून फिरवून आणल्याखेरीज ते बाहेर सोडत नाहीत. मी टेबलाच्या कडेला आहे. आठवड्यातून एकदा मला कोणीतरी लावते, आणि मी बोलतो.

तुमच्या घरीही कोणाच्या तरी हातची एखादी जुनी वस्तू असेल. तिची धूळ पुसा, तिला पाण्यापासून जपा. पण तिच्यावर फूल ठेवून तिला गप्प करू नका. तिची पाठ उघडून पाहायला भिऊ नका. ज्याने ती बनवली, त्याला याचा राग येत नाही. मी त्याच्या शेजारी बसून पाहिले आहे.