गढूळ झरा

बिबी एरोहच्या स्वयंपाकघरामागं झरा फुटला, तेव्हा अख्ख्या वाडीनं तिचं कौतुक केलं. भर उन्हाळ्यात खालच्या विहिरी तळाला गेलेल्या, आणि हिच्या दारी पाणी आपल्या पायांनी चालून आलेलं. बांडुंग शहराहून वाडीची लेक निनिंग आली, तर बिबीनं तिला त्याच पाण्याचा चहा दिला. निनिंगनं पेला हातात धरला, पण तोंडाला लावला नाही. मागं जाऊन तिनं झऱ्याखाली ओंजळ धरली. पाणी निथळून गेलं. बोटांच्या रेघांत पिवळी, पिठासारखी माती तेवढी राहिली.

"बिबी, हे पहिल्यापासून असंच गढूळ?"

"छे ग, आधी काचेसारखं होतं. पंधरवडा झाला, जरा दुधाळलंय. घटकाभर ठेवलं की गाळ बसतो. का, पोटाला वाईट?"

"पोटाला नाही, घराला. डोंगर आतून धुपतोय."

सत्तावीस वर्षं ती माती वाचत आली होती. रस्त्यांखालची, पुलांखालची, धरणांखालची. सुरुवातीला बोअर मारणारे गडी तिला यंत्राजवळ फिरकू देत नसत. 'बाई, चप्पल भरेल,' म्हणून हसत. पुढं तेच गडी नळीतून निघालेली माती आधी तिच्या तळहातावर ठेवू लागले.

ती उतार चढत गेली. मक्याच्या शेतात भेग सापडली, हात आत जाईल एवढी. भेगेच्या खाली बापाचं मासे पाळायचं तळं होतं, आणि तळ्याच्या खाली अकरा घरं.

तिचे वडील अबाह बांधावर बसून गुरामी माशांना अळूची पानं चारत होते.

"अबाह, पाणी कमी होतंय?"

"ऊन पितंय. मी रोज वरच्या पाटातून भरतो."

"ऊन एवढं पीत नाही. बिबीच्या घरामागं निघतंय ते. तळं मोडायला हवं, अबाह. पावसाच्या आत."

अबाहांच्या हातातलं पान तसंच राहिलं. "हा बांध तुझ्या आईनं पायांनी तुडवून केलाय. आणि तळं मोठं करायला कुणी सांगितलं? नवी कोरी पदवी घेऊन आली होतीस. बांधावर उड्या मारून म्हणालीस, हत्ती चालला तरी ढळणार नाही."

निनिंग खाली उतरली आणि घरोघर निरोप देत फिरली.

दुसऱ्या दिवशी मशिदीच्या ओसरीवर अकराही घरं जमली. तळं मोडा, पावसाळ्यात घरं सोडा, एवढंच तिनं सांगितलं. बिबीचा शेजारी दादून गप्प बसणाऱ्यातला नव्हता.

"तेव्हा तुम्हीच म्हणालात पक्कं, ताई. आता तुम्हीच म्हणता कच्चं. पुढल्या वर्षी काय म्हणाल?"

ओसरी हसली. "माझं फुकटचं पाणी बघवेना हो कुणाला!" बिबीनंही भर घातली.

निनिंगच्या पिशवीत आकडे होते, नकाशे होते. पाऊस वाढला, डोंगर बदलला, असं सांगून सुटताही आलं असतं. त्यात अर्धं खरंही होतं. पण अर्ध्या खऱ्यावर कुणी घर सोडत नाही. तिनं बापाकडं पाहिलं. ते चटईची काडी उसवत बसले होते.

"पुढल्या वर्षीचं माहीत नाही, दादून. त्या वेळी मात्र मी चुकले. मी बांध बघितला, बांधाखाली काय आहे ते बघितलंच नाही. खाली जुन्या दरडीची सैल माती आहे. अबाहांना खूश करायची घाई होती मला. चूक माझी आहे. ना त्यांची, ना डोंगराची."

कुणी हसलं नाही. अबाह उठले, लुंगी सावरली आणि निघून गेले. निनिंग मागं धावली. वर तळ्याशी पोचली तेव्हा ते ओढ्याकडच्या मोरीचं बूच उपटत होते.

"हळू, अबाह! एकदम नको, कडा ढासळतील."

"आता रिकामं कसं करायचं तेही शिकव," ते म्हणाले, पण हात सैल सोडला.

तीन दिवस पाणी उतरत राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वाडी लुंग्या खोचून चिखलात उतरली. बाया मासे धरत होत्या, मासे निसटत होते, दादून दोनदा आडवा झाला आणि त्याची बायको पोट धरून हसली. अबाह मात्र तळ्याच्या मधोमध उकिडवे बसले. चिखलात एक काळी फट होती. त्यांनी हात घातला, कोपरापर्यंत गेला.

"किती दिवस मी हिचं पोट भरत होतो," ते पुटपुटले. मग वर पाहिलं. "पावसानं हा खड्डा पुन्हा भरेल. मग?"

हाच प्रश्न विचारायला तिनं बांडुंगच्या ऑफिसातल्या नव्या पोरींना कितीदा शिकवलं होतं.

"भरू द्यायचा नाही. फट चिकणमातीनं बुजवायची, बांध फोडून पाणी ओढ्याकडं वळवायचं. आणि पावसाळाभर खालच्या घरांनी शाळेत राहायचं."

"एवढं करून थांबेल डोंगर?"

"थांबेल असं म्हणवत नाही. कदाचित."

"हं." अबाहांनी फटीतला हात बाहेर काढला. "तेव्हा असं बोलली असतीस, तर मी ऐकलं नसतं."

त्यांनी गळ्यातलं फडकं डोक्याला बांधलं. "दादून! मासे पुरे झाले. कुदळी आण. आणि पोरांची अंथरुणं आजच शाळेत टाक."

निनिंगनं फावड्याला हात घातला, तर त्यांनी ते काढून घेतलं.

"तू नको. तू उभी राहून सांग, कुठं फोडायचं."

तिनं बोटानं जागा दाखवली. बायकोनं तुडवलेल्या मातीवर पहिला घाव अबाहांनी स्वतः घातला.