घराला कुलूप लागलं नाही, ते माझ्यामुळे

मी आयडर बदक बोलतेय. बदक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर डबक्यात डुंबणारं, पावाच्या तुकड्यामागे धावणारं काहीतरी आलं असेल, तर ते आधी पुसून टाका. मी समुद्राची आहे. शिंपले मी सोलत बसत नाही, अख्खे गिळते. कवचाचा भुगा पोटातच होतो. आणि उडायचं म्हणाल, तर एकदा मी वादळालाही मागे टाकलं होतं. ते बिचारं धापा टाकत बेटावर पोचलं, तोवर माझी अंडी घालून झाली होती.

रंगानं मी मातकट. नटणंमुरडणं आमच्या नवऱ्यांकडे. पांढरी पाठ, काळं पोट, मानेवर हिरवी झाक आणि दिवसभर 'आऽहूऽ, आऽहूऽ', जणू शेजारची भानगड आत्ताच कानावर आलीय! अंडी झाली की हे महाशय पसार. मग बसायचं कुणी? मीच.

बसायचं म्हणजे कसं, तर स्वतःच्या छातीची मऊ पिसं काढून त्यात अंडी गुंडाळायची आणि तीन आठवड्यांहून जास्त अन्नाचा कण घ्यायचा नाही. ही पिसं एकमेकांना अशी बिलगून राहतात की उत्तरेचा वाराही त्यांची फारकत करू शकत नाही. त्यांच्यासाठीच नॉर्वेच्या या बेटावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला घरं बांधून देतात, दगडाची, फळ्यांची, उलट्या होडीखालची. आत वाळलेल्या समुद्रशेवाळाची गादी. पिल्लं निघून गेली की पिसं माणसांची, रजयांत भरायला. तोवर बेटावर कुत्रा नाही, आरडाओरडा नाही, आणि आम्ही बुजू नये म्हणून घरधनीण रोज तेच कपडे घालते.

माझी घरधनीण आसलाउग. राखाडी लोकरी झगा, डोक्याला तपकिरी रुमाल. तिच्या पायरीखाली माझं घर.

गेल्या वसंतात येऊन बघते, तर आसलाउग खिडकीशी खाटेवर! हिवाळ्यात बर्फावरून घसरून कंबर मोडलेली. किनाऱ्यावरच्या गावातून मुलगा सीवर्ट आणि सून राग्नफ्रीड आलेले. सीवर्टचा आवाज असा, की छपरानं दचकावं.

"आई, गेल्या वर्षी पक्षी निम्म्यावर आले. यंदा कुणी बसलं नाही, तर घराला कुलूप. मग तू आमच्याकडे."

"बसतील," आसलाउग म्हणाली. "पण आधी तू खाली बस. आणि उद्यापासून होडीचं इंजिन बंद करून येत जा."

आम्ही सगळ्याजणी पाण्यातच थांबलो होतो. तेवढ्यात राग्नफ्रीड लाल जाकीट घालून, बादली खडखडवत बाहेर आली. आम्ही थेट खाडीच्या तोंडापर्यंत मागे सरलो. आता सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आमच्यात पहिली कोण जाते, त्यावर बाकीच्यांचं ठरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातून सासूचा झगा आणि सासूचा रुमाल बाहेर पडला. आत राग्नफ्रीड, लंगडत लंगडत.

"अगं बये, लंगडतेस काय?" खिडकीतून दबका आवाज आला.

"तुमच्यासारखी चालतेय, आई. पक्ष्यांना ओळख पटायला हवी ना!"

"मी लंगडी आत्ता झाले! पक्ष्यांनी मला लंगडताना कधी बघितलंय? सरळ चाल. आणि हळू."

माणसांना वाटतं, झगा घातला की आम्ही फसलो. अहो, समुद्राच्या तळाशी मला शिंपला आणि दगड वेगळा कळतो, मग सासू आणि सून कळणार नाही? पण पोरीनं लंगडायचे कष्ट घेतले, ते मला भावलं. मी पायरीखाली शिरले.

अंडी झाली. आता खरी परीक्षा हाताची. अंडी धड आहेत का, ते बघायला घरधनीण आमच्या पोटाखाली हात घालते. आम्ही घाबरलो, तर विष्ठेचा एक शिंतोडा सोडतो. वास असा, की पाणमांजरही तोंड फिरवतं. राग्नफ्रीडचा हात हळूच आत आला. मी घाबरले नव्हते, तरी सोडला. चांगला कोपरापर्यंत. घरात घ्यायचं माणूस, पारख नको? ती किंचाळली असती, तर मी उठले असते, आणि पाण्यात थांबलेला सगळा थवाही माझ्यामागून निघून गेला असता.

तिचे डोळे भरून आले. ओठ घट्ट मिटले. हात मात्र जागचा हलला नाही.

"काय खाल्लंस गं बाई?" एवढंच ती कुजबुजली, आणि अंडी चाचपून हात अलगद बाहेर काढला.

खिडकीत आसलाउग तोंडावर उशी दाबून हसत होती. "घासून धू. जायचा नाही म्हणा तो वास. पण आता झालीस हो बेटाची!"

त्यानंतर बाकीच्याही एकेक करून वर आल्या. उलट्या होडीखालच्या जागेसाठी तर दोघींची चांगली जुंपली.

पिल्लं निघाली, वाळली, आणि मी त्यांना घेऊन पाण्याकडे चालले. उपासानं मी रोडावलेली, पण मान ताठ. वर गरुड फिरतोय का ते बघत राग्नफ्रीड मागोमाग. सीवर्ट होडीपाशी, इंजिनाची दोरी हातात धरून.

"आता तरी सुरू करू?" त्यानं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच हळू.

तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"आणि आईला न्यायचं म्हणत होतो, त्याचं काय?"

"त्या कुठे जाणार? पिसं गोळा करायचीत, हिवाळाभर निवडायचीत. मला कोण शिकवणार, तू?"

सीवर्टनं दोरी सोडली आणि वल्ही उचलली.

सध्या मी बेटापलीकडच्या पाण्यात आहे. पंखांची पिसं झडलीत, काही दिवस उडता येणार नाही. हे कुणाला सांगू नका. इथून आसलाउगच्या धुराड्यातला धूर दिसतो. वसंतात मी परत येणारच. तुम्ही आलात, तर होडी लांब लावा, हळू बोला, आणि मी बसलेली दिसले तर उगाच वाकून बघू नका. काम चालू असतं.