गाडीपाशी थांबणाऱ्यांचा नकाशा

मित्रांनो, जरा बेतानं उघडा. मी एक जुना, घडीचा, रस्त्यांचा नकाशा आहे आणि ओढाताण सोसायचं बळ आता माझ्या अंगात राहिलेलं नाही. माझ्या सोळा घड्यांपैकी अकरा फाटल्या आहेत. त्यांना मागून चिकटपट्ट्या लावल्या आहेत, त्याही पिवळ्या पडून कडकड वाजतात. घाटाच्या वळणांवर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. एका गावाचं नाव तर घडीतच झिजून गेलं. त्या गावच्या लोकांनी मला माफ करावं, मी मुद्दाम केलेलं नाही.

माझा जन्म छापखान्यातला. चार रंगांसाठी मला चार वेळा यंत्रातून काढलं. निळ्याच्या वेळी कागद केसभर सरकला, त्यामुळे माझा समुद्र किनाऱ्याला नीट चिकटलेला नाही, मध्ये पांढरी फट दिसते. मग लांब टेबलाशी बसलेल्या बायकांनी लाकडी पट्टीनं माझ्या घड्या दाबल्या. काय सफाई त्यांच्या हाताला! तोंडं चालू, हात चालू आणि घडी कधी वाकडी म्हणून नाही. तशी घडी मला पुढे जन्मात कुणी घातली नाही. नकाशा उघडायला कुणालाही येतो हो, मिटताना मात्र भल्याभल्यांची भंबेरी उडते.

सहली नेणाऱ्या एका मालकानं मला विकत घेतलं आणि आपल्या नव्या ड्रायव्हरच्या हातात दिलं. "हरवू नका," एवढंच तो म्हणाला. ड्रायव्हर तेव्हा पंचविशीचा होता, पण गाडीत बसणारा प्रत्येक जण पहिल्या वळणापर्यंत त्याला 'काका' म्हणायला लागायचा. म्हणून मीही काकाच म्हणतो. सात माणसांची गाडी, पाच दिवसांची फेरी. आधी देवळं, मग डोंगर, शेवटी समुद्र. या क्रमाने आम्ही दोघं तीस वर्षं फिरलो.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी काका मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरायचे. काकू तिथेच शाळेचे गणवेश शिवत बसलेल्या असायच्या. काका त्यांच्या मशीनवरच्या रिळाचा हातभर दोरा तोडून घ्यायचे आणि माझ्या रस्त्यांवरून वळणावळणानं बसवत न्यायचे. सपाटीवर वीतभर दोरा म्हणजे तीन तास. घाट आला की तेवढ्याच दोऱ्याला पाच. गाडीत आजी-आजोबा असले तर दर दोन तासांनी दोऱ्याला एक गाठ, म्हणजे तिथे थांबायचं. लहान मुलं असली तर गाठीच गाठी. "अहो, माझा दोरा!" असं काकू दर वेळी ओरडायच्या आणि दर वेळी नवा दोरा तोडून द्यायच्या.

काकांचा बेत कधी चुकला नाही. एकदा एक निवृत्त मास्तरीणबाई म्हणाल्या, "काका, तुमचा प्रवास म्हणजे अगदी घड्याळ हो." काका लाजले आणि मला छातीजवळच्या खिशात ठेवलं. मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

पण मित्रांनो, आमची खरी नोकरी होती थांबण्याची. देऊळ आलं की माणसं भराभरा उतरायची आणि काका म्हणायचे, "या जाऊन. मी गाडीपाशी आहे." टपावर सामान असायचं आणि ड्रायव्हरनं गाडी सोडायची नाही, हा मालकाचा नियम. मग काका काच पुसायचे, चाकांना लाथ मारून हवा बघायचे आणि सावली सरकली की गाडी सरकवायचे. माझ्यावरच्या पेन्सिलीच्या खुणा बघा. झाड, नळ, पंक्चर काढणारा, चहा बरा मिळतो, चहा पाणचट. देवळातून माणसं तापलेल्या फरशीवर टुणटुण उड्या मारत परतायची. डोंगरमाथ्यावरून येताना सगळी एकदम बोलायची. समुद्र म्हणजे काकांच्या लेखी पायदानात येणारी वाळू. पुढचे चार दिवस झाडत बसावं लागायचं. बघून आलेल्यांचे चेहरे आम्ही पुष्कळ बघितले. थकलो हो बघून बघून.

मग फोन आले. फोनमधली बाई डावीकडे वळा, उजवीकडे वळा असं सांगू लागली आणि मी पाने-पकडींच्या कप्प्यात गेलो. तिथे मी किती वर्षं पडून होतो ते विचारू नका. मला तेलाचा वास येतो तो तिथलाच.

मागच्या वर्षी काकांनी गाडी दोनदा घासली. दोन्ही वेळा डावीकडून. तीस वर्षांत त्या माणसाच्या गाडीला ओरखडा नव्हता. मालक हळूच म्हणाले, "काका, आता आराम करा." काकांनी कप्प्यातलं सामान पिशवीत भरलं आणि घरी आले. घरी येऊन मला टेबलावर पसरलं आणि काकूंना म्हणाले, "चल, यंदा तुला घेऊन जातो. देवळं, डोंगर, समुद्र, सगळं. लेकीची गाडी घेऊ."

काकूंनी मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं. "लग्नाच्या वर्षापासून ऐकतेय. ताप आहे का तुम्हाला?"

"तारीखसुद्धा ठरवलीय."

आठ दिवस बेत चालला. पाच दिवसांत अकरा ठिकाणं! एका ठिकाणी पंचेचाळीस मिनिटं, दुसऱ्या ठिकाणी तीस. काकूंना नवल वाटायचं, मला मात्र धडकी भरायची. कारण काकांचा हात आता पूर्वीचा राहिला नव्हता. पेन्सिल डाव्या कोपरापाशी पडलेली असायची आणि ते सगळं टेबल चाचपत बसायचे. दोऱ्याचं टोक माझ्या कडेवरून निसटून खाली लोंबायचं, ते त्यांना कळायचं नाही. शिवाय माझ्या मधल्या घडीत त्यांनी एक कागद दडवला होता. दवाखान्याचा. घरात नकाशाला दुसरं कुणी हात लावत नाही, असा त्यांचा हिशेब. आयुष्यभर बिनचूक बेत करणाऱ्या माणसानं नेमकं असं करावं! अहो, सहल निघाली की नकाशाच आधी उघडणार ना सगळे?

तसंच झालं. रविवारी लेक आली. ती एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. काकूंनी कौतुकानं मला तिच्यापुढे झटकून उघडलं आणि कागद खाली पडला. लेकीला डॉक्टरांचं अक्षर लागतं. तिनं तो उभ्यानंच वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, बाबांना काचबिंदू आहे. कडेची नजर गेलीय. गेली ती परत येत नाही. राहिलेली औषधानं जपायची, पण किती टिकेल ते सांगता येत नाही म्हणे. आणि गाडी चालवायची नाही, असं स्पष्ट लिहिलंय."

काका दाराशीच उभे होते. काकूंनी विचारलं, "कधीचा कागद हा?"

"दीड महिना झाला."

"आणि मला कधी सांगणार होतात?"

"फिरून आल्यावर." काकांचा आवाज पडला होता. "तुला एकदा घेऊन जायचं होतं. मी स्वतः चालवत. एवढंच राहिलं होतं गं."

"त्या कागदावर काय लिहिलंय ते कळतंय ना तुम्हाला?"

"तो रस्ता मला पाठ आहे. डोळे मिटून नेईन."

"डोळे मिटून!" काकूंचा पारा चढला. "रस्ता पाठ आहे हो, पण समोरून येणारा पाठ आहे का? एखाद्याचं पोर आडवं आलं तर?"

काका चिडले. "मग काय, मागे बसू? मी काय सामान आहे?"

"आणि मी काय सामान आहे, न सांगता गाडीत घालून न्यायला? मी नाही येत. फाडून टाका तो नकाशा."

मित्रांनो, माझ्या तर घड्यांना घाम फुटला. दोन दिवस त्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मी टेबलावर तसाच उघडा, माझ्यावर कुणी ताटसुद्धा ठेवेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकू माझ्यासमोर बसल्या. काकांच्या बारीक खुणांवरून बोट फिरवू लागल्या. झाड. नळ. चहा पाणचट. फिरवता फिरवता त्यांचं बोट थांबलं.

"अहो, इकडे या. हे मोठं देऊळ आहे ना, इथे किती वेळा गेला असाल?"

"चारशे वेळा तरी."

"काय आहे आत?"

काका खुर्चीत बसले. मग म्हणाले, "चपला ठेवायला उजव्या हाताला जागा आहे."

"आणि आत?"

काका बोटाला दोरा गुंडाळू लागले.

"या डोंगरावरून काय दिसतं?"

"खाली वाहनतळ आहे. पन्नास गाड्या मावतात."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, आता पुन्हा भांडण. पण त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, तुम्ही काहीच बघितलं नाहीत हो. सगळ्या जगाला दाखवलंत आणि स्वतः काहीच नाही. मला काय, मी पुढच्या वर्षीही बघीन. तुम्हाला आत्ता बघायचंय." काका मान खाली घालून रडले. घाटात ब्रेक निकामी झाला तेव्हाही मी त्यांना पाहिलंय, पण रडताना कधी पाहिलं नव्हतं.

मग पेन्सिल काकूंच्या हातात आली. शिवणकामातली बाई ती, जास्तीचं कापड कापायला तिचा हात कचरत नाही. अकरातली आठ ठिकाणं तिनं सटासट खोडली. एक देऊळ, एक डोंगर, एक किनारा, दिवस पाचच. काका कळवळून म्हणाले, "अगं, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर काहीच नाही ठेवलंस!" त्यावर त्या म्हणाल्या, "काहीच नाही तेच ठेवलंय." गाडी लेकीनं चालवायची ठरलं. तिला गाडी काकांनीच शिकवली होती, त्यामुळे नावं ठेवायलाही जागा नव्हती.

निघालो. पुढे फोनमधली बाई बोलत होती. मी मागच्या सीटवर काकांच्या मांडीवर होतो, मिटलेला. मला कुणी काही विचारलं नाही आणि खरं सांगू, मला विचारावं असं वाटतही नव्हतं. काकांनी पहिले दोन तास पायानं न दिसणारा ब्रेक दाबला, मग त्यांना झोप लागली.

देवळापाशी सगळे उतरले. काका सवयीनं दाराला टेकून उभे राहिले. "या तुम्ही जाऊन. मी गाडीपाशी—"

"बाबा!" लेक ओरडली.

 काकूंनी काकांचा हात धरला आणि ओढत नेलं. दार लागलं, कुलूप पडलं. गाडीत मी एकटा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकटा. मला भीती वाटायला हवी होती, पण इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पंचेचाळीस मिनिटं झाली, तास झाला, दोन झाले. वाट बघून माझा जीव टांगणीला लागला. शेवटी काका आले ते तापल्या फरशीवरून टुणटुण उड्या मारत. गाडीत बसल्यावर काकूंना खांबांवरची कोरीव पाखरं सांगत राहिले. काकूंनीही ती पाहिलेलीच होती, तरी त्या ऐकत राहिल्या.

डोंगरावर धुकं होतं, काहीच दिसलं नाही. काका म्हणाले, "सगळ्यांनाच दिसत नव्हतं. बरोबरीत सुटलो." लेकीनं हसता हसता तोंड फिरवलं.

चौथ्या दिवशी समुद्र आला. मी गाडीतच होतो, काच थोडी खाली होती आणि खारा वारा माझ्या चिकटपट्ट्यांत शिरत होता. ऊन उतरल्यावर तिघं परत आली. लेकीनं विचारलं, "बाबा, कसा वाटला?"

काकांनी पायांची वाळू झटकली. मग म्हणाले, "एका नजरेत मावला नाही गं. नजर राहिलीय ती मधलीच. इकडून तिकडे मान फिरवून फिरवून बघावा लागला."

काकू त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाल्या, "कुणाच्याच मावत नाही हो."

मित्रांनो, मी दमलोय. आता पुन्हा मला कुणी उघडेल असं वाटत नाही आणि माझी तक्रारही नाही. एकच मागणं आहे. तुम्ही सहलीला जाल, उड्या मारत गाडीतून उतराल, तेव्हा एकदा मागे वळून बघा. दाराला टेकून कुणीतरी उभं असेल. त्याला म्हणा, "काका, तुम्हीपण चला ना." तो नको म्हणेल. तुम्ही पुन्हा म्हणा.