डावा हात वर

पडद्यावर तो इतक्यांदा मेला, की लोक त्याला मरणवीरच म्हणायचे. मूकपट होते ते. बोलायचं काम नाही, नुसतं झकास मरायचं. पुढे पोट सुटलं, गुडघे कुरकुरायला लागले, तसा चित्रपट कंपनीच्या मालकांनी त्याच्या हातात भोंगा दिला. आता तू दिग्दर्शक! नायक कोण? तर धाकटा भाऊ.

धाकटा म्हणजे वाह्यात कार्टं. शब्द कुणाला ऐकू जायचेत? तेव्हा चेहरा रडवेला करून हा कॅमेऱ्यासमोर म्हणायचा, "दादा, वाचव रे, भूक लागलीय!" सगळे हसून बेजार. शेवटी मरणवीरानं दम भरला, "खरंच काही झालं तर डावा हात वर कर. तुझ्या तोंडावर माझा काडीचा विश्वास नाही."

बुडण्याच्या दृश्याच्या दिवशी आई दारापर्यंत आली. "त्याला पोहता येत नाही. लक्ष ठेव बाबा."

"छातीभर पाणी गं. बुडायचं म्हटलं तरी जमणार नाही." म्हणत तो निघालाही.

हौदात हळूहळू पाणी भरायचं होतं. धाकट्याचे हात पाठीमागे बांधले होते. गाठ सैल दिसली, तसा मरणवीर स्वतः उतरला आणि ती करकचून आवळली. खोटी गाठ कॅमेरा पकडतोच. "पाणी छातीला लागलं की पायऱ्या चढून ये," त्यानं बजावलं आणि वर आला.

पाणी छातीला लागलं. धाकटा जागचा हलला नाही. "दादा, पाय अडकलाय."

सगळे फिदीफिदी हसले.

"दादा, खरंच."

मरणवीर डाव्या खांद्याकडे बघत होता. हात वर येत नव्हता, म्हणजे नाटकच. पण खांदा काय हिसके देत होता! असं मरण आपल्यालाही कधी जमलं नाही, म्हणून त्याचा ऊर भरून आला. तो भोंग्यातून ओरडला, "वा रे पठ्ठ्या! पाणी सोडा अजून!"

चेहरा पाण्याखाली गेला, तेव्हा कुठे त्याला गाठ आठवली. त्यानं उडी मारली. पाय निघेना, आणि गाठ काही केल्या सुटेना.

मालकांनी चित्रपट लावलाच. संवादांच्या पाट्या रंगवणाऱ्यानं विचारलं होतं, "इथं काय लिहू?" मरणवीर म्हणाला, "जे बोलला तेच."

पडद्यावर पाटी आली, "दादा, खरंच." टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारी बसलेल्या आईनं विचारलं, "हे म्हणाला, तेव्हा तू कुठं होतास रे?"

"समोरच," तो म्हणाला.