एवढासाच बदल

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. प्रसूतिगृहात कोणत्या बाळाला किती औषध द्यायचे, ते मी सांगतो. मला ना हात, ना तोंड. त्यामुळे सगळे मला सोपा समजतात, आणि मी कुणावरच चटकन विश्वास ठेवत नाही.

मला लिहिणारी प्रोग्रामर बाई महासंशयी होती. मेट्रनबाई तिला म्हणाल्या, "आईचं नाव घ्या, बाळाचं वजन घ्या, औषध सांगा. एवढंच तर आहे!"

"आणि जुळी झाली तर?"

"पहिलं बाळ, दुसरं बाळ म्हणा."

"पहिलं दुसऱ्या दवाखान्यात हलवलं, तर उरलेलं कितवं?"

"अहो, आम्हाला बाळ समोर दिसतं ना!"

"तुम्हाला दिसतं. याला दिसत नाही."

गवंड्याची भिंत तिरकी झाली तर ओळंबा चहाडी करतो. माझ्यातली चूक मात्र निमूट दबा धरून बसते. म्हणून प्रोग्रामर बाईने माझ्यात जागोजागी पहारे बसवले. बाळाचे वजन एका दिवसात भलतेच वाढलेले दिसले, की मी अडून बसायचो.

पुढे नवी औषधे आली, नवे डॉक्टर आले, नियम बदलले. दर वेळी माझी शिवण उसवायची आणि नवे ठिगळ लागायचे. तरी मेट्रनबाई पाहुण्यांपुढे माझे कौतुक करीत.

मग प्रोग्रामर बाई नोकरी सोडून गेली आणि नवा इंजिनियर आला. माणूस कष्टाळू होता, पण तो माझ्याकडे चोर पकडल्यासारखा बघायचा. मीही त्याला ओळखून होतो.

"हा वजनाचा अडसर कशाला? उगाच सिस्टरांचा खोळंबा. एवढासाच बदल आहे," असे म्हणत त्याने तो पहारा काढून टाकला. मला चालवून पाहिले. मी सुरळीत चाललो. ओरडावेसे फार वाटले, पण कसा ओरडणार?

एका सकाळी जुळ्या बहिणींची वजने घेतली. घाईत थोरलीचे वजन धाकटीच्या नावावर पडले. थोरली गुबगुबीत, तर धाकटी नुसती काडी. मी आज्ञाधारकपणे धाकटीला थोरलीएवढे औषध सांगितले. सिस्टरने सुई भरली.

"सिस्टर, थांबा हो," आई म्हणाली. "काल तर सुईत एवढंसंच होतं. आज इतकं कसं?"

"कॉम्प्युटरने सांगितलंय, ताई."

"सांगू दे. तुम्ही हिला पुन्हा काट्यावर ठेवा."

सिस्टरने वजन केले. आकडा कितीतरी कमी निघाला, तशी तिने भरलेली सुई बाजूला ठेवली.

इंजिनियर धावत आला. धाकटी त्याच्या तळहातावर मावेल एवढी होती. तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने पहारा परत बसवला आणि तो कशासाठी आहे, हेही शेजारी लिहून ठेवले. आता तो वॉर्डभर विचारत फिरतो, "असं झालं तर? तसं झालं तर?" सिस्टर वैतागतात, "किती शंका काढता हो!"

काढू द्या. मित्रांनो, माझी विनवणी एवढीच, की मी सुरळीत चालतो म्हणजे मी बरोबरच आहे, असे समजू नका. मला दुरुस्त करायला येणाऱ्याची उलटतपासणी घ्या. आणि त्याच्या आधी माझी घ्या.