कुसकुस वळणारे हात

मब्रूकानं फळीवरून कुसकुसची शेवटची बरणी काढली. तो कुसकुस गेल्या उन्हाळ्यात तिच्या सुनेनं, दोरसाफनं वळला होता. ओलवलेल्या रव्याचा हातानं वळलेला दाणा न् दाणा सारखा.

तेव्हा दोरसाफला सातवा महिना होता. सांधेवातानं वर्षानुवर्षं सुजलेली तिची बोटं गरोदरपणात अशी काही मोकळी झाली, की वर्षाची बेगमी करायला जमलेल्या ट्युनिशियातल्या सफाक्स गावच्या बायका बघतच राहिल्या. मब्रूकाला कोण आनंद! "नातवानं पोटातूनच आईला बरं केलं," असं तिनं गल्लीभर सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की हा आराम गरोदरपणापुरता. पुढे दुखणं उलटेल, तेव्हा लगेच गोळ्या सुरू करा, अंगावर पाजताना चालतील अशाच देते. मब्रूकानं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

हेदी जन्मला आणि महिन्याभरात दुखणं उलटलं. दोरसाफला दुपट्याची गाठसुद्धा मारता येईना.

"उम्मी, गोळ्या सुरू करते मी," दोरसाफ सासूला म्हणाली.

"आणि पोराला औषधाचं दूध पाजतेस? ऑगस्टच्या उन्हाळ्यात हेच हात दिवसभर कुसकुस वळत होते की! आता पोर उचलायची वेळ आली, तर लगेच दुखायला लागले? नखरे नुसते!"

दोरसाफनं गोळ्या घेतल्याच नाहीत. तिचा नवरा नाजी आईच्या शब्दाबाहेर नव्हता. मब्रूकानं नातू उचलला तो उचललाच. न्हाऊ घालणं, गुंडाळणं, निजवणं सगळं तिचंच, आणि खोटं कशाला बोला, तिला ते गोडही लागलं. भर हिवाळ्यात दोरसाफला कपही धरवेना, तेव्हा कुठे नाजी तिला दवाखान्यात घेऊन गेला. गोळ्यांनी सूज उतरली, पण वाकडी झालेली बोटं तशीच राहिली.

बाहेर हेदीनं भोकाड पसरलं. मब्रूका बरणी ठेवून धावली. पायरीला धरून उभा राहताना तो आपटला होता. दोरसाफ त्याच्या शेजारीच हात पसरून बसली होती. तो तिला ओलांडून रांगत आजीकडे आला.

"अरे लबाडा, आईकडे जा!" मब्रूकानं त्याला मागे वळवलं. तो आणखीच किंचाळला आणि तिच्या झग्याला लोंबकळला.

"घ्या त्याला, उम्मी. रडवू नका," दोरसाफ म्हणाली. "मी का उचलत नव्हते, हे त्याला काय माहीत? तुम्हाला तरी कुठे कळलं?"

मब्रूकानं त्याला उचललं. तो लगेच गप्प झाला. एरवी तिला याचा केवढा अभिमान वाटायचा. आज वाटलं, यानं रडावं, आईकडे जाईपर्यंत रडत राहावं.