नखाएवढी चावी

आमच्या वाडीतून खालच्या दवाखान्यापर्यंत नेणारी एकच मोटरसायकल होती, आणि त्या दिवशी मी तीच खोलून बसलो होतो. सायलेन्सर, कार्बोरेटर, चेन, सगळं उतरवलं होतं. डावीकडचं झाकण काढून आतली मॅग्नेटची जड चकतीही ओढून काढली होती. तिथून तेल झिरपत होतं, एवढंच. रविवारपर्यंत थांबलो असतो तरी चाललं असतं.

दुपारी मार्ता धावत आली. तिचा नवरा ब्लासियुस ताडी काढताना झाडावरून पडला होता. मागोमाग चौघांनी त्याला बांबूला बांधलेल्या चादरीत घालून आणलं. रक्त कुठेच दिसत नव्हतं, पण पोट फुगत चाललं होतं.

"ओम गास्पर, गाडी?" ती म्हणाली. ओम म्हणजे काका, सगळे मला तसंच हाक मारतात. मग गोणपाटावर मांडलेलं सामान तिला दिसलं.

अर्धा तास दे म्हणालो आणि जोडायला घेतलं. चकती बसवायची तर इंजिनच्या दांड्याच्या खाचेत नखाएवढी लोखंडी चावी लागते. ती नसली की ठिणगी भलत्याच वेळी पडते आणि गाडी सुरू होत नाही. खाच रिकामी होती. चकती ओढताना चावी उडाली असणार, आणि आमच्याकडची माती म्हणजे ज्वालामुखीची काळी राख.

मी गुडघ्यांवर बसून माती चाळू लागलो. मार्ताही बसली. ब्लासियुस पाणी मागत होता, पण पोटाला मार होता म्हणून कुणी देईना. घाईत मी तीच मूठ पुन्हा पुन्हा चाळत होतो. मग चकतीकडे लक्ष गेलं. तिच्यात चुंबकच तर असतात. ती उलटी धरून जमिनीवरून फिरवली. दर वेळी काळ्या वाळूचे झुबके चिकटायचे, मार्ता नेसलेल्या सारोंगच्या टोकाने पुसून बघायची. पाचव्या खेपेला चावी सापडली.

सायलेन्सरचा गंजलेला बोल्ट सकाळीच तुटला होता. म्हणून सायलेन्सर न लावताच सोडला. काढलेलं तेल परत ओतलं. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. मधे ब्लासियुस, मागे त्याला कवटाळून मार्ता. सायलेन्सरवाचून इंजिन असं फडफडत होतं की मला मागचं काहीच ऐकू येत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मानेला बोटं लावली आणि नकारार्थी मान हलवली.

बाहेर पायरीवर मी मार्ताला सांगितलं, पाऊण तास माझ्यापायी गेला, रविवारपर्यंत ती गाडी खोलायची गरज नव्हती. तिने माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"त्यांना घरी न्यायचंय," ती म्हणाली. "चढ चढेल ना गाडी?"

मी वाकून तेल पाहिलं. चढेल म्हणालो.